फोटोच्या मागे कोण आहे ते लिहा

आजचा भाग चंदीगडहून.

ज्यांनी व्हिडिओ पाहिला नाही आणि जे थेट पुस्तकातच वाचताहेत, त्यांच्यासाठी आधी सांगते. रेकॉर्डिंगच्या वेळी माझ्या शेजारी टेबलावर एक काळी लोखंडी पेटी होती. फौजेतल्या माणसाच्या घरात ही पेटी असतेच. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. माझ्या बाबांच्या पेटीवर हुद्दा बदललेला दिसतो. आधीच्या अक्षरांवर काळ्या रंगाचा हात मारलाय, पण 'नायक' हा शब्द खालून अजून डोकावतो आणि त्याच्यावर 'हवालदार' बसलाय.

बाबा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. गाव सातारा जिल्ह्यातलं. १९६९ साली भरती झाले, १९९१ ला पेन्शनवर आले. मधली तीन वर्षं आम्ही सगळे इथे, चंदीगडला खेटून असलेल्या चंडीमंदिर छावणीत क्वार्टरमध्ये राहिलो. मी तेव्हा सहावी-सातवीत होते. पुढे लग्न झालं, नवऱ्याची नोकरी बँकेची, आणि फिरून फिरून याच शहरात येऊन पडले.

बाबा २०१९ मध्ये गेले. तेराव्यानंतर पेटी उघडली. आत लोकरीचा मफलर, डिस्चार्ज बुक, बूट पॉलिशची वाळून गेलेली डबी आणि एका खाकी पाकिटात ४३ फोटो. त्यातल्या १४ फोटोंमध्ये कोण आहे ते आम्हाला सांगता आलं. बाकीच्या २९ फोटोंत नुसतेच तरुण लोक. कुणी बॅडमिंटनची रॅकेट घेतलेलं, कुणी स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीला हात टेकून उभं.

एक फोटो मात्र डोक्यातून जाईना. शक्तिमान ट्रकसमोर सात जण उभे आहेत. मागे माणसापेक्षा उंच बर्फाची भिंत. डावीकडून तिसरे बाबा, पंचविशी-तिशीतले, हसताना डोळे बारीक झालेले. मी फोटो आईपुढे धरला.

"आई, हे बाकीचे कोण?"

"तुझ्या बाबांचे दोस्त."

"नावं?"

"ते सांगायचे गं. मी कुठं लिहून ठेवलं?"

फोटो उलटा केला. मागची बाजू कोरी.

आजचा विषय तिथूनच निघाला. फौजी माणसाचा आणि फौजी घराचा मान आपल्या साध्या कॅमेऱ्यानं, मोबाइलनं कसा राखायचा. झेंडा, तोफ, सलामी यांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत, ते काढतीलच. मी बोलणार आहे ते पेटीतल्या फोटोंबद्दल, आणि उद्या कुणाच्या तरी पेटीत जाणार आहेत त्या फोटोंबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकते. गणवेशातल्या माणसाचा फोटो कितीही सुंदर असो, त्याच्या मागे नाव नसेल तर तीस वर्षांनी तो 'कुणीतरी फौजी' होतो.

आता, मागची बाजू कोरी का, हे समजून घ्या. आपल्याकडच्या फौजी घरांमध्ये हे फार दिसतं, आणि त्याला नुसता आळस कारण नाही. जवानाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी 'केअर ऑफ ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल. ठाव बाहेर कळू नये म्हणूनच ही सोय. घरी येणाऱ्या पत्रातही 'मी इथे सुखरूप आहे' एवढंच. 'इथे' म्हणजे कुठे, ते लिहायचं नसतं. फोटो त्याच पत्रातून यायचा. त्याच्यामागे जागा लिहिली नाही, तर मग तारीखही राहिली आणि नावंही राहिली. बाबा तोंडी सगळं सांगायचे, तोंडी सांगितलेलं तेवढंच राहिलं.

दुसरं कारण घरातलं. आमच्या आजीनं बाबांचा गणवेशातला फोटो भिंतीवर कधी लावू दिला नाही. जिवंत माणसाचा फोटो भिंतीला टांगायचा नाही, भिंतीवरच्या फोटोला हार पडतो, असा तिचा समज. तो फोटो कपाटात साडीच्या घडीखाली असायचा. पुष्कळ घरांत फोटो असे आत राहिले, आणि आत राहिलेल्या फोटोबद्दल पोरं प्रश्न विचारत नाहीत. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी फौजी. अशा गावांमध्ये भिंतींवर फौजी फोटो खूप असतात, तिथे पाहुण्यालाही विचारावंसं वाटतं की हे कोण.

बरं, कोरा फोटो हातात आला तर तो वाचायचा कसा? मी हे हळूहळू शिकले, निवृत्त मंडळींना विचारत विचारत.

आधी बाही बघा. एक फीत म्हणजे लान्स नायक, दोन म्हणजे नायक, तीन म्हणजे हवालदार. खांद्यावर एक तारा आणि त्याच्याबरोबर लाल-पिवळी पट्टी असेल तर नायब सुभेदार, दोन तारे आणि तशीच पट्टी असेल तर सुभेदार. (जुन्या कागदात 'जमादार' सापडलं तर गोंधळू नका, नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणत.) माझ्या फोटोत बाबांच्या जर्सीवर दोन फिती आहेत. डिस्चार्ज बुकात नायक झाल्याचं साल १९७९ आणि हवालदार झाल्याचं १९८४. म्हणजे फोटो त्या पाच वर्षांतला. एवढ्याशा फितीनं पाच वर्षांपर्यंत आणून सोडलं.

छातीवरच्या रंगीत रिबिनी दिसत असतील तर आणखी सोपं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ ला जे जे सेवेत होते त्यांना एक पदक मिळालं. पन्नासाव्या वर्षी, १९९७ ला, तसंच दुसरं. त्यामुळे पंचविसाव्या वर्षाची रिबीन दिसली की फोटो १९७२ च्या नंतरचा, हे पक्कं. १९७१ च्या युद्धाचे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार, कारगिलनंतरचं ऑपरेशन विजय पदक, यांवरूनही काळ कळतो. रंग आपल्याला ओळखता येत नाहीत, निवृत्त सुभेदाराला दाखवा, तो चष्मा न लावता सांगेल. लढाऊ गणवेशाचं कापडही बोलतं. आताची संगणकानं आखल्यासारखी ठिपक्या-चौकटींची छपाई १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिवसाला पहिल्यांदा लोकांसमोर आली.

मग फोटोची मागची जमीन बघा. दुकानाची पाटी, मैलाचा दगड, गाडी. माझ्या फोटोत ट्रकच्या चाकापाशी एक दगड आहे आणि त्याच्यावर इंग्रजीत 'बीकन' या शब्दाची शेवटची तीन अक्षरं. बीकन हा सीमा रस्ते संघटनेचा १९६० पासूनचा प्रकल्प, काश्मीरकडच्या रस्त्यांचा. अंगात नुसती जर्सी, ऊन कडक, आणि तरी पुरुषभर बर्फ. जाणकारांनी सांगितलं, हा उन्हाळ्याच्या तोंडाचा श्रीनगर-लेह रस्ता दिसतो, झोजिलाच्या अलीकडे-पलीकडे. हिवाळ्याचा बर्फ कापून रस्ता मोकळा केला की दोन्ही बाजूंना अशा भिंती उभ्या राहतात.

जागा मिळाली, साधारण साल मिळालं. माणसं मिळेनात.

चंदीगडमध्ये राहून लेहचं नाव निघालं की मला एक विमान आठवतं. इथल्या तळावरून लेहला जवान आणि सामान नेणं हे हवाई दलाचं रोजचं काम. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एक एएन-१२ विमान १०२ जणांसह नाहीसं झालं. हवा खराब म्हणून वैमानिकानं परत फिरायचं ठरवलं आणि रोहतांगच्या आसपास संपर्क तुटला. २००३ मध्ये गिर्यारोहकांना अवशेष सापडले. २०२४ च्या सप्टेंबरअखेर आणखी चार पार्थिवं बर्फातून काढली. त्यातला एक जवान केरळचा, अपघाताच्या वेळी २२ वर्षांचा. ५६ वर्षांनी तो घरी आला. बर्फातून आलेल्यांची ओळख पटवायला खिशातले सरकारी कागद उपयोगी पडले. मी ती बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात आलं, घरच्यांकडे इतकी वर्षं त्या पोराचा चेहरा म्हणून होतं काय? एखादा फोटो. आई-वडील म्हातारे झाले, गेले, आणि फोटोतला बावीस वर्षांचाच राहिला. पुतण्यांना, नातवांना तो माहीत झाला तो कुणीतरी बोट ठेवून 'हा आपला अमुक' असं सांगत राहिलं म्हणून.

त्या सप्टेंबरनंतर मी सेक्टर ३ मधल्या युद्धस्मारकावर जास्त जायला लागले. बोगनवेलीच्या बागेत आहे ते. १७ ऑगस्ट २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी त्याचं उद्घाटन केलं. पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि चंदीगडच्या, १९४७ पासून कामी आलेल्या ८,४५९ जणांची नावं तिथे कोरली आहेत. सकाळी फिरायला येणारे लोक शेजारून जातात, पोरं सेल्फी काढतात. मला सेल्फीचा राग येत नाही, येऊ देत त्यांना.

एकदा भर दुपारी एक वयस्कर जोडपं तिथे भेटलं. हिमाचलातून पीजीआयमध्ये तपासणीसाठी आले होते आणि बसला वेळ होता तेवढ्यात बाईंच्या भावाचं नाव बघायला आले होते. नाव सापडलं होतं. काका मोबाइलनं फोटो काढत होते, पण येत होता तो नुसता उजेड. अक्षरं दिसतच नव्हती. मी काढून पाहिला, माझाही तसाच. ऊन समोरून पडत होतं. बाईंनी पदरानं सावली धरली, तरी नाही. बसची वेळ झाली. मी त्यांना म्हटलं, नंबर द्या, उद्या सकाळी काढून पाठवते.

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास गेले. कोरलेल्या अक्षरांची गंमत अशी की त्यांना समोरचा उजेड नको असतो, बाजूचा लागतो. तिरपं ऊन अक्षराच्या खाचेत शिरत नाही, तिथे सावली पडते आणि नाव उठून दिसतं. सकाळ नाहीतर संध्याकाळ. ढगाळ दिवस असेल तर मित्राला बाजूनं मोबाइलची बॅटरी धरायला सांगा, अगदी कडेनं. खडू घासायचा नाही, तेल-पाणी लावायचं नाही, कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही. आणि दोन फोटो काढायचे, एक नुसत्या नावाचा, दुसरा मागे सरकून, म्हणजे पुढच्या वेळी येणाऱ्याला ते नाव कुठल्या भागात, कितव्या ओळीत आहे ते कळेल. मी दोन्ही पाठवले. तासाभरानं उत्तर आलं, त्यात मजकूर नव्हता. त्यांनी भावाचा जुना स्टुडिओतला फोटो पाठवला होता. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून एका कागदावर छापले आणि टपालानं पाठवले.

आपल्या मराठी घरांतल्या कुणाचं नाव असं शोधायचं असेल तर दिल्लीला राष्ट्रीय युद्धस्मारकात जा. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते खुलं झालं. तिथल्या त्याग चक्राच्या भिंतींवर, उद्घाटनाच्या वेळी, २५,९४२ नावं होती, प्रत्येकाची वेगळी पाटी. पुण्यात घोरपडीकडे दक्षिण कमांडचं स्मारक आहे, लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, १९९८ चं. जाताना नंबर आणि रेजिमेंट लिहून न्या. एका नावाचे कितीतरी असतात.

इथे जरा थांबून, काय काढायचं नाही ते सांगते. कारण माझ्याकडून चूक झालीय.

मे २०२५ चे ते दिवस तुम्हाला आठवत असतील. चंदीगडमध्ये भोंगे वाजले, रात्री दिवे बंद. माझा भाचा फौजेत आहे. त्याच्या काळजीनं, अभिमानानंही म्हणा, मी त्याचा एक फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दोन महिन्यांपूर्वी त्याला भेटायला गेलो होतो तेव्हाचा. छान फोटो होता. पंधरा मिनिटांत त्याचा फोन.

"मावशी, तो फोटो आधी काढ."

"अरे घरच्याच ग्रुपवर आहे."

"मागे गेटवरची पाटी दिसतेय. ग्रुपवर किती जण आहेत?"

मोजले. ६४. त्यातल्या नऊ जणांना मी ओळखतही नव्हते. पुढे कुणी कुठे पाठवला असता, देव जाणे. सरकारनंही त्या दिवसांत बजावलं होतं की सैन्याच्या हालचाली दाखवू नका, पसरवू नका. ते मी वाचलं होतं, आणि ते टीव्हीवाल्यांसाठी आहे असं समजून सोडून दिलं होतं.

तर, सेवेतल्या माणसाचा फोटो काढताना मागे काय दिसतंय ते आधी बघा. गेट, युनिटची पाटी, गाड्यांचे नंबर, अँटेना, नकाशा, बराकींची रांग, यातलं काही नको. गोपनीयतेचा कायदा १९२३ चा आहे आणि तो मोबाइललाही लागू होतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. नाहीतर मागची भिंत कोरी असली तरी फोटोच्या पोटात जागेचा पत्ता लिहिलेला असतो. २०२० मध्ये लष्करानं जवानांना ८९ अ‍ॅप मोबाइलमधून काढायला सांगितली, त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम होते. आपण घरच्यांनी मागच्या दारानं तेच फोटो तिथे टाकायचे, हे बरं नव्हे. आणि चंदीगड काय, आपला पुण्याचा लोहगाव काय, दोन्ही हवाई दलाचे तळ आहेत, तिथून प्रवासी विमान उडताना-उतरताना खिडकीतून शूटिंग करायचं नाही. मे २०२५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट बजावलं गेलं.

मग काढायचं काय? खूप आहे. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मिग-२१ ला इथून निरोप दिला गेला. १९६३ मध्ये त्याची पहिली तुकडी उभी राहिली तीही इथेच, चंदीगडला. बासष्ट वर्षांनी शेवटची सलामीही इथे. आत निमंत्रित होते. आमच्यासारखे आसपासच्या गच्च्यांवर. सगळ्यांचे मोबाइल आकाशाकडे. माझ्याशेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ उभे होते. हयात या विमानाच्या इंजिनाखाली गेलेली. मी कॅमेरा विमानांकडे धरलाच नाही, तळाच्या दिशेनं तर नाहीच. त्यांच्याकडे वळवला. आवाज आला तसं त्यांनी मान वर न करता आधी डोळे मिटले आणि ऐकलं. मग वर बघितलं. ते डोळे मिटलेले असतानाचा फोटो माझ्याकडे आहे. मागे त्यांचं नाव, तारीख आणि 'मिग-२१ चा आवाज ऐकताना' एवढं लिहिलंय.

फौजी आयुष्य म्हणजे बहुतेक वेळ हेच असतं, परेड थोडी आणि बाकी सगळं मधलं. बदलीचा हुकूम आला की निघणाऱ्या पेट्या. पाचव्यांदा शाळा बदललेल्या पोरीचा दाखला. अंबाला कँटच्या फलाटावर सुट्टी संपवून निघालेला माणूस आणि त्याच्या हातातली लाडवांची पिशवी. रात्री वर्तमानपत्र अंथरून केलेलं बुटांचं पॉलिश. माझ्या आईनं तीन वर्षं चंडीमंदिरच्या क्वार्टरच्या मागे मेथी लावली, शेजारच्या पंजाबी, तमिळ, गढवाली बायकांना वाटली. तिचा त्या मेथीपाशी एकही फोटो नाही. बाबांचे ४३ आणि तिचे त्या काळातले दोन, दोन्हीत ती पाहुण्यांच्या मागे अर्धी. घरातल्या बाईचा, पोरांचा फोटो काढा. तेही त्याच नोकरीत असतात.

निवृत्त माणसाच्या घरी फोटो काढायला गेलात तर एक गोष्ट हमखास होईल. कॅमेरा दिसला की ते ताठ उभे राहतात. सावधान. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं जातं. सुरुवातीला मला वाटायचं, हा फोटो वाया. आता मी तो फोटो आधी काढते, नीट, त्यांना हवा तसा, पदकं लावून. तो त्यांचा फोटो. मग चहा येतो. चहा संपत आला की मी म्हणते, जुने फोटो आहेत का? ते अल्बम आणतात. मी बोट ठेवून विचारते, हा कोण? आणि ते सांगायला लागतात. तेव्हा हळूच काढायचा. शेजारी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, त्यांना विचारून. वीरनारीच्या घरी गेलात तर जास्तच जपून. रडू येईल असा प्रश्न मुद्दाम विचारायचा नाही, आणि आलंच तर कॅमेरा खाली.

जुन्या फोटोंची प्रत काढताना फ्लॅश नको. फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा. मागची बाजू कोरी असली तरी तिचाही फोटो घ्या, स्टुडिओचा पुसट शिक्का कधीकधी त्यातच दिसतो. चिकट पानांच्या प्लॅस्टिक अल्बममधून फोटो सुटत असतील तर काढून साध्या कागदी पाकिटात ठेवा, निघत नसतील तर ओढू नका, तसेच पानासकट मोबाइलवर घ्या. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलनं, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा वळ पुढे चेहऱ्यावर उमटतो. आणि छापील प्रत स्वतः नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो पेटीत जात नाही.

अशीच एक प्रत द्यायला गेल्या वर्षी झिरकपूरला गेले होते, एका निवृत्त सुभेदारांकडे. होशियारपूरचे, तेही सर्व्हिस कोअरचे, वय ऐंशीच्या घरात. त्या सात जणांचा फोटो मी पर्समध्ये घेऊन फिरते, ज्याला त्याला दाखवते. तोवर वीस-पंचवीस जणांना दाखवून झाला होता. आईनं एकाला ओळखलं होतं, डावीकडून दुसरे, कराडकडचे, तिच्या लग्नात पंगतीत वाढत होते. बस, तेवढंच.

साबनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. बाबांना ओळखलं नाही. मग अगदी उजवीकडच्या माणसावर बोट ठेवलं.

"हा ड्रायव्हर नाही, बेटा. हा लांगरी."

लांगरी म्हणजे लंगरचा, स्वयंपाकाचा. मी इतकी वर्षं त्याच्या खांद्यावरचं फडकं गाडी पुसायचं समजत होते. साब त्या सुमाराला सोनमर्गच्या ट्रान्झिट कॅम्पात होते. ताफा पहाटे तीन-चारला निघायचा, आणि हा माणूस त्याच्या आधी उठून सगळ्यांचा चहा तयार ठेवायचा. रात्रभर रस्ता बंद पडून ड्रायव्हर अडकले की मोठ्या किटलीत चहा घेऊन चालत जायचा. साबना त्याचं पूर्ण नाव आठवलं, गावाचं नाव आठवलं. ते नाव मी इथे घेत नाही, कारण त्याच्या घरच्यांचा शोध अजून चालू आहे. त्यांना विचारल्याशिवाय सांगणं बरं नाही.

घरी येऊन फोटो उलटा केला आणि पेन्सिलनं लिहिलं. बहुधा १९७९ ते १९८४, श्रीनगर-लेह रस्ता. डावीकडून दुसरे, कराडचे, नाव. तिसरे, बाबा, नाव आणि नंबर. सातवे, लांगरी, नाव, गाव. पहिल्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या जागी रेघ ओढून ठेवलीय.

चौथ्याच्या बगलेत चामड्याच्या वेष्टनातला ट्रान्झिस्टर आहे. पहिल्याच्या डाव्या हाताला पट्टी बांधलेली. पाचवा सगळ्यांत उंच, आणि सहाव्यानं हसताना मान वळवल्यामुळे त्याचा चेहरा थोडा हललाय. हे ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांपैकी कुणाचे वडील, काका, मामा त्या वर्षांत सर्व्हिस कोअरमध्ये त्या रस्त्यावर असतील, तर आधी तुमच्या पेटीत बघा, हाच फोटो असेल. त्या काळी सगळे मिळून प्रती काढायचे. सापडला तर त्याची मागची बाजू बघा आणि मला कळवा.